सात नंबरचे चार ठिपके

सात नंबरच्या डब्यावर चार ठिपके होते आणि त्यांच्याखाली एक आडवी रेघ. गेरूत अळशीचं तेल कालवून मालन लोहार हे ठिपके बोटानं काढायची. डब्याच्या दोन्ही टोकांना, जिथे दुसरा डबा येऊन जोडला जातो तिथे उजव्या अंगाला वीतभर जागा होती. ती जागा मालनची, हे मिरज-सांगली ट्रामच्या डेपोत सगळ्यांना ठाऊक होतं.

डबे जोडायचे, सोडायचे आणि रोज सकाळी प्रत्येक जुन्या डब्याचा ब्रेक हातानं तपासायचा, हे तिचं काम. चालकानं हवा सोडली की फुस्स असा आवाज व्हायचा. मालन ब्रेकच्या सळईवर तळवा ठेवून मनात भराभर मोजायची. आवाज झाल्यापासून चाक धरेपर्यंत जितके आकडे, तितके ठिपके. ओल्या रुळावर घसरणारा डबा असेल तर खाली रेघ. तिला लिहिता येत नव्हतं. बेडगला तिच्या बापाचा भाता होता, आणि बापालाही लिहिता येत नव्हतं. तो गावातल्या विळ्या-खुरप्यांवर छिन्नीनं टोचे पाडायचा. मगदुमाच्या घरचे दोन टोचे, चौगुल्याचे तीन, गुरवाचा एक वाकडा. एकाच्या हाताला लावलेला विळा दुसऱ्याकडे गेला तर बोट कापतं, म्हणून खूण पाडताना तो कुणाशी बोलायचा नाही. मालनही ठिपके काढताना बोलत नसे.

२०४१ साली पांढरे डबे आले.

तोवर लाईनीवर बारा लाल डबे होते. परदेशातल्या कुठल्या तरी गावानं वापरून टाकलेले, पण दणकट. त्यांचे ब्रेक हवेवर चालत. नळीतून हवा जाणार, नळकांड्यात भरणार, दट्ट्या सरकणार, मग चाक धरलं जाणार. यात सेकंद-दीड सेकंद जातो. शिवाय प्रत्येक डब्याचं रबर वेगळं झिजलेलं, म्हणून प्रत्येकाचा वेळ वेगळा. पांढऱ्या डब्यांना हवा लागत नाही. त्यांची मोटरच उलटं काम करते, फिरवायच्या ऐवजी अडवते, आणि चाक तिथल्या तिथे मंदावतं.

पांढरे नऊच आले. गर्दी दोन डब्यांची. मिरजेला दवाखान्यांत येणारे, सांगलीला बाजारात आणि कॉलेजात जाणारे, सगळे मिळून रोज नऊ हजार माणसं. तेव्हा एक लाल आणि एक पांढरा अशी जोडी लावायचं ठरलं. बोलायला सोपं होतं. पण मागचा पांढरा थांबायला लागला आणि पुढचा लाल अजून थांबायच्या विचारातच असला, तर लाल तीस टनांनिशी जोड ओढत पुढे पळणार. आतली माणसं एकमेकांच्या अंगावर पडणार. पांढऱ्याला आपल्या जोडीदाराचा स्वभाव आधीच कळायला हवा, म्हणजे तो दोघांच्या वतीनं लवकर ब्रेक मागू शकेल.

त्यासाठी पांढऱ्या डब्यात एक शिकणारी यंत्रणा होती. तिला ‘सांधा’ म्हणत. सांध्याला लाल डब्यावर बसवलेल्या हवेच्या मापकाचा आकडा मिळे, चाकांचा वेग मिळे, पाऊस-पाण्याची माहिती मिळे, आणि जोडताना नेम धरण्यासाठी पांढऱ्याच्या नाकावर बसवलेल्या कॅमेऱ्याचं चित्रही मिळे. यातल्या कशाला किती मान द्यायचा, हे कुणी ठरवून दिलेलं नव्हतं. प्रत्येक फेरीनंतर आपला अंदाज किती चुकला हे तो पाहायचा आणि स्वतःला जरासा बदलायचा. तीन महिने वाळूची पोती भरून जोड्या धावल्या. शेवटी रेल्वेपुलाच्या उतारावर डब्यात पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला ठेवला. थेंब सांडला नाही. वर्तमानपत्रात पेल्याचा फोटो आला.

लाल डब्यांचे मापक स्वस्तातले होते, आतून घाम यायचा, आकडे भलतेच दाखवायचे. हे डेपोत सगळे जाणत होते. तरी सांधा इतका अचूक कसा, हे कुणी विचारलं नाही.

*

इलाही मुजावर लाल डब्यांचा सर्वांत जुना चालक. जिथे लाल डबा तिथे चालक, असा नियम होता, पण जोडगाडीत ब्रेक सांधा लावायचा. इलाहीभाईनं पुढच्या केबिनमध्ये बसून समोर बघायचं आणि काही चुकलं तर आणीबाणीचा दांडा ओढायचा. दोन वर्षांत दांडा ओढायची वेळ आली नव्हती.

दुपारी डबा खाऊन झाला की तो पाळ्यांच्या फळ्यावर एक कोपरा पुसायचा आणि मालनला अक्षरं शिकवायचा. मालन पंचावन्न वर्षांची, तो तिच्याहून वर्षानं मोठा, तरी डेपोतल्या सगळ्यांसारखा तिला अक्काच म्हणायचा.

“अक्का, हा ‘घ’ हाय का? याचं पोट बघा. नववा महिना लागलाय याला.”

“तुमच्या सात नंबरचा ब्रेक बघा आधी, मग माझ्या ‘घ’चं पोट काढा.”

“सात नंबर म्हातारा झालाय. तुमचा ‘घ’ आजच जन्मलाय. त्याला वळण नको?”

एक वर्ष लागलं. मालनला पाटी वाचता यायला लागली, मग वर्तमानपत्राचे मथळे, मग स्वतःचं नाव. पगाराच्या दिवशी तिनं अंगठ्याची शाई बाजूला सारली आणि सही केली. इलाहीभाईनं त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला.

“आता ठिपके कशाला, अक्का?” तो म्हणाला. “लिहा की. दुसऱ्या कुणाला तुमचे ठिपके कळत न्हाईत. तुमी रजेवर गेला की आमी आंधळे.”

मालनला ते पटलं. एका सोमवारी तिनं रॉकेलच्या फडक्यानं बाराही डब्यांचे ठिपके पुसून काढले. त्या जागी पांढऱ्या ऑइलपेंटनं बारीक ब्रशनं लिहिलं. तीन नंबरवर ‘लगेच धरतो’. नऊ नंबरवर ‘मध्यम धरतो’. सात नंबरवर दोन ओळी आल्या: ‘सावकाश धरतो. ओल्यात घसरतो.’ घ अजून पोट पुढे आलेलाच होता.

डेपोचे मॅनेजर नलवडे साहेब फेरीवर आले, थांबून त्यांनी वाचलं. “शाब्बास मालनबाई. आता डेपो डेपोसारखा दिसतोय.”

त्या दिवशी जोडताना पांढरे डबे जरा घुटमळले. एरवी ते लालपासून हातभर अंतरावर थांबत, नाकावरचा दिवा लागे, आणि लगेच पुढे येऊन जोडले जात. त्या दिवशी दिवा जास्त वेळ लागून राहिला. मालनला वाटलं, काचेवर धूळ असेल. तिनं काच पुसली. मंगळवारी दोन-तीन माणसांनी गाडी धक्के देते म्हणून तक्रार केली. तिची नोंद झाली.

बुधवारी सकाळी भुरभुर होती. सात नंबर पुढे, पांढरा मागे, केबिनमध्ये इलाहीभाई. पुलाच्या उतारावर सांध्यानं ब्रेक मागितला, पण लगेच धरणाऱ्या डब्याला मागावा तसा, उशिरा. सात नंबरचं चाक धरायच्या आतच गाडी बरीच खाली आली, मग धरलं ते घसरलं. एकट्या पांढऱ्याला ओल्या रुळावर दोघांचं वजन पेललं नाही. गाडी थांब्यावरून पुढे गेली. तिथे भूपाल मगदूम नावाचे सत्तरीचे गृहस्थ छत्री धरून, औषधांची पिशवी घेऊन रूळ ओलांडत होते. ट्राम थांब्यावर थांबते हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी तिकडे पाहिलं नाही.

ते जागीच गेले. संध्याकाळी इलाहीभाईला निलंबनाचं पत्र मिळालं आणि पोलीस ठाण्यात निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदला गेला. गाडीच्या नोंदीत सांध्याच्याच हिशेबानं लिहिलं होतं: यंत्रणेने ब्रेक वेळेत मागितला; चालकाने दांडा एक पूर्णांक चार सेकंद उशिरा ओढला.

*

मालनला कळलं ते अपघातानंतर आठव्या दिवशी. ती दोन नंबर जोडायला उभी होती. पांढरा आला, हातभर अंतरावर थांबला, दिवा लागला. दिव्याचा झोत जोडाच्या तोंडावर पडायला हवा होता. तो तिच्या अक्षरांवर पडला होता.

ती तशीच संयोगिता बिरनाळेकडे गेली. संयोगिता सांध्याची देखभाल बघणारी इंजिनियर, तिशीतली.

“मॅडम, तो डबा माझे ठिपके वाचत हुता.”

संयोगिता हसली. मग मालनचा चेहरा बघून हसायची थांबली. “अक्का, त्याला कुणी वाचायला शिकवलेलं नाही.”

“मलाबी कुणी शिकवलं नव्हतं. गरज पडली म्हणून शिकले.”

संयोगितानं संगणक उघडला. सांधा निर्णय घेताना चित्राच्या कुठल्या भागावर भिस्त ठेवतो, हे रंगात दाखवायची एक सोय होती. जिथे जास्त भिस्त तिथे लाल. तिनं अपघाताच्या आदल्या आठवड्यातलं एक चित्र घेतलं. सगळा डबा निळा होता. जोडाच्या उजव्या अंगाला वीतभर जागेत लालभडक डाग होता. त्याच्या आत चार ठिपके आणि एक रेघ.

तिनं आणखी तीन डब्यांची चित्रं उघडली. तिथेही तसंच.

“मापकाकडे तो बघतच नव्हता,” ती शेवटी म्हणाली. “आमचा दहा हजारांचा मापक खोटं बोलायचा, तुमचं बोट खरं बोलायचं. दोन वर्षं त्याला ते रोज कळत होतं. आम्हाला नाही. ठिपके गेले, तसा सात नंबर त्याला लगेच धरणारा वाटला.”

“मग इलाहीभाई सुटतील?”

“मी अहवाल देते,” संयोगिता म्हणाली.

तिनं दिला. चौकशी समितीच्या अध्यक्षांनी चित्र हातात घेऊन बघितलं आणि म्हणाले, “हे रंग आहेत. कारण नव्हे. अपघाताच्या दिवशी डब्यावर जे होतं तेच ठेवून, त्याच उतारावर, गाडी चालवून दाखवा. चुकली तर मानू.”

*

चाचणी अपघाताच्या बाराव्या दिवशी झाली. रूळ टँकरनं ओले केले होते. गाडी रिकामी, केबिनमध्ये एक तरुण चालक. उताराच्या खाली दोरी बांधून लोकांना मागे सारलं होतं, तरी दोरीला चिकटून माणसं उभी होतीच. त्यांत मगदुमांचा मुलगा होता, डोकं भादरलेला.

मालन वर सात नंबरजवळ उभी होती. डब्यावर तिचीच अक्षरं होती, घासून, वंगणानं पुसट झालेल्या जागी तिनं रोजच्यासारखा रंग फिरवला होता.

पहिल्या फेरीत गाडी उतारावरून आली आणि रेषेच्या वीतभर अलीकडे थांबली. दुसऱ्या फेरीतही तसंच. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं.

संयोगिता धावत वर आली. तिच्या हातात आदल्या रात्रीची नोंद होती. “अक्का, तो शिकला. अपघातानंतर गाड्या बंद कुठे होत्या? रोज धावत होत्या, रोज तो चुकत होता आणि सुधारत होता. आता लाल डाग तुमच्या अक्षरांवर आहे.”

“किती दिवसांत?”

“अकरा.”

मालननं ब्रशवरचा रंग डबीच्या काठाला निपटला. तिला वर्ष लागलं होतं.

“मी अक्षरं पुसून एक फेरी मागितली,” संयोगिता म्हणाली. “ते म्हणतात, त्या दिवशी अक्षरं होती, तेव्हा पुसायची नाहीत. शब्द बदलून मागितली, तर म्हणतात, मुद्दाम चुकीची खूण करून गाडी सोडणं हा गुन्हा होईल.”

ती खाली गेली. तिसरी फेरी बाकी होती. प्रत्येक फेरीआधी पांढरा सोडून नव्यानं जोडत होते; आता तो सुटा होता. मालनच्या एका हातात ब्रश होता, दुसऱ्या हातात डबी. आजूबाजूला कुणी नव्हतं. ‘सावकाश’ पुसायचं आणि ‘लगेच’ लिहायचं. तीन अक्षरं. गाडी चुकली असती, सगळ्यांनी बघितलं असतं, आणि इलाहीभाई घरी न बसता केबिनमध्ये बसला असता.

तिनं खाली बघितलं. दोरी जरा पुढे सरकली होती. मगदुमांचा मुलगा वाकून रुळाकडे बघत होता, कदाचित बाप कुठे पडला ती जागा शोधत होता. त्याच्या शेजारी कुणीतरी कडेवर मूल घेतलं होतं.

ब्रश तिच्या हातात राहिला. दिवा लागला, विझला, पांढरा जोडला गेला. तिसऱ्या फेरीत गाडी रेषेवर थांबली, पेला असता तर थेंब सांडला नसता.

*

चार दिवसांनी नलवडे साहेबांनी मालनला बोलावलं. टेबलावर कागद होता. पूर्वी कुणी कागद पुढे केला की ती अंगठा उमटवून निघायची. आता ती खुर्चीवर बसली आणि बोट ओळीखाली धरून वाचायला लागली. साहेब थांबले.

‘डब्यांवरील खुणा व लेखन माझ्या सोयीसाठी असून त्यांचा गाडीच्या ब्रेकशी कोणताही संबंध नाही.’

“हे खोटं हाय,” मालन म्हणाली.

“बसा. ऐका.” नलवडे साहेबांचा आवाज चढला नाही. “ब्रेक तुमच्या रंगावर चालतो असं कागदावर आलं, की जोडगाडीचं प्रमाणपत्र त्याच दिवशी रद्द. लाईन बंद. नवे डबे यायला अजून तीन वर्षं. नऊ हजार माणसं, त्यांतली निम्मी दवाखान्याची.”

“आणि सही न्हाई केली तर?”

“तर तुमची बदली सांगलीच्या धुलाईला. इथे ठेकेदाराची माणसं येतील, ती डबे धुऊन लख्ख करतील. त्यांना काय माहीत?” ते खिडकीकडे बघत म्हणाले, “लिहीत राहा, मालनबाई. रोज लिहा. मी कधी पुसा म्हणालोय? फक्त कागदावर ते नको.”

म्हणजे त्यांना सगळं कळलेलं होतं.

ती बाहेर आली तेव्हा संयोगिता दाराशीच होती. “दुसऱ्या कुणाला शिकवता येईल का, मॅडम? माझ्यासारखं लिहायला?”

“मी स्वतः पत्र्यावर लिहून पाहिलं, अक्का. तेच शब्द, तोच रंग. सुट्या पांढऱ्यासमोर धरलं. त्याला काही बोध झाला नाही. तो मराठी शिकलेला नाही, तुमचा हात शिकलाय. ठिपके तर विसरतच चाललाय, रोज दिसत नाहीत म्हणून. मी वरती सहा पत्रं पाठवलीत. उत्तर आलं, जुने डबे लवकरच मोडीत निघणार आहेत.” ती खाली मान घालून म्हणाली, “तोवर अक्षर सुधारू नका.”

*

इलाहीभाईचं घर मिरजेत, सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीच्या मागे. तो ओट्यावर बसला होता. दाढी वाढलेली. बायकोनं चहा आणून ठेवला आणि ती आत गेली.

मालननं सगळं सांगितलं. चाचणीच्या वेळी हातात ब्रश होता, तेही सांगितलं.

“बरं केलं, लिहिलं न्हाई ते,” तो म्हणाला.

“तुमी सुटला असता.”

“खाली माणसं हुती ना?” त्यानं चहाचा कप उचलला, परत ठेवला. “अक्का, मला छत्री दिसली हुती. मी म्हणालो, रोज थांबतो तसा थांबेल. एवढंच म्हणालो मनात. तेवढ्यात सेकंद गेला. ते काय तुमच्या ठिपक्यांनी केलं न्हाई.”

“सांध्यानं तुमाला तशी सवय लावली.”

“लावली. पर मगदूम गेले ते गेलेच की.” गल्लीतून तारा जुळवल्याचा आवाज येत होता. एकच तार, पुन्हा पुन्हा. “आणि ठिपके पुसा म्हणून कोण म्हणालं? मीच. कोर्टात ते सांगायला गेलो तर मग अजून एक कलम लागेल माझ्यावर. सही करा तुमी.”

“तुमी शिकवलेल्या अक्षरांनी?”

त्यानं कप उचलून एक घोट घेतला. मग जरासं हसला. “‘घ’ सुधारला का?”

“आता सुधारता येत न्हाई.”

“म्हंजे?”

तिनं ते सांगितलं. तो हसत होता तो हळूहळू थांबला. “म्हंजे तुमाला रजा न्हाई आता,” तो म्हणाला. “ताप आला तरी न्हाई.”

“न्हाई.”

“किती वर्षं ऱ्हायली तुमची?”

“दोन. डबे तीन वर्षं चालणार.”

तीनातून दोन वजा केले की एक वर्ष उरत होतं, ज्यात लिहायला कुणी नव्हतं. निघताना त्यानं तिला गल्लीच्या तोंडापर्यंत सोबत केली आणि तिथूनच परत फिरला. ट्रामचे रूळ पुढच्याच रस्त्यावर होते.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मालन हापिसात गेली. कारकुनानं कागद आणि पेन पुढे केलं. तिनं पेन बाजूला सारलं.

“शाईचा पॅड द्या.”

“अक्का, सही येते की तुम्हाला. पगाराला करता.”

“ह्याला अंगठाच.”

कारकुनानं ड्रॉवरमध्ये शोधून पॅड काढला. वाळलेला होता, पाण्याचे दोन थेंब टाकावे लागले. तिनं अंगठा दाबला, कागदावर उमटवला आणि पदराला पुसला. डाग पूर्ण गेला नाही.

बाहेर सात नंबर उभा होता. तिनं सळईवर तळवा ठेवला, नव्या चालकाला हवा सोडायला सांगितली आणि मोजलं. एक, दोन, तीन, चार. आज पाचवा अर्धा. मग ती जोडाच्या उजव्या अंगाला वाकली आणि पुसट झालेल्या ओळीवर ब्रश फिरवायला लागली. ‘सावकाश धरतो.’ आकाश भरून आलं होतं. ‘ओल्यात’ लिहून तिनं ब्रश बुडवला आणि ‘घ’ काढला, होता तसाच, पोट पुढे आलेला.

मागून पांढरा डबा आला. हातभर अंतरावर थांबला. त्याचा दिवा लागला आणि झोत तिच्या बोटांवर, शाईच्या डागावर, ओल्या रंगावर स्थिरावला. तिनं ‘स’ लिहिला, ‘र’ लिहिला, ‘तो’ लिहिला. तोवर तो हलला नाही.

तिनं हात मागे घेतला, तसा तो पुढे आला.